प्रवेश फुकट, रस्ता महाग : घाटनांदूरहून खोडदची दुर्बीण पाहायला किती खर्च येतो?

खोडदला आत जायला तिकीट नाही. एवढं ऐकून आमच्याकडचे पालक खूश होतात, आणि लगेच पुढचा प्रश्न विचारतात : "पण तिथवर जायला किती लागतात?" हा प्रश्न खरा आहे. पुण्याच्या माणसाला खोडद म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी. बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरच्या माणसाला दोन दिवस, एक मुक्काम आणि जाऊन येऊन साडेसहाशे-सातशे किलोमीटर. तेव्हा या लेखात दुर्बिणीबरोबर खिशाचाही हिशेब मांडतो. भाडी बदलत असतात, म्हणून आकड्यांसोबत ते काढायची रीतही देतो. उद्या दर वाढले तरी आकडेमोड तुम्हाला घरी करता येईल.

आधी कुठे आणि कधी ते पाहू. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ आहे. नारायणगावच्या पूर्वेला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यातल्या १४ मधल्या चौकात एकमेकींजवळ, आणि बाकीच्या १६ तीन बाजूंना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही वेधशाळा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते ती जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. म्हणजे ४ ऑक्टोबर २०२६ ला त्या दिवसाला २५ वर्षं पूर्ण होतात. विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये तिला ऐतिहासिक 'मैलाचा दगड' ठरवलं.

सर्वसामान्यांसाठी तिथला मोठा सोहळा असतो तो राष्ट्रीय विज्ञान दिनाचा. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला आपला शोध जाहीर केला, त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून देशभर हा दिवस पाळतात. खोडदला त्या सुमारास दोन दिवस दरवाजे खुले असतात. डिशच्या पायथ्याशी उभं राहता येतं, शास्त्रज्ञ मराठीत समजावून सांगतात, आणि आसपासच्या शाळांची पोरं आपापले प्रयोग घेऊन मंडपात बसलेली असतात. माझ्या मते मंडपातला हा भागच आपल्या मुलांसाठी सर्वांत मोलाचा. आपल्यासारख्याच गावच्या, आपल्यासारख्याच शाळेतल्या मुलीला माईकशिवाय शंभर माणसांपुढे जनरेटर समजावताना पाहिलं की आमची पोरं परतीच्या गाडीत गप्प बसत नाहीत.

शाळेला स्वतःचा प्रयोग मांडायचा असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. डिसेंबर-जानेवारीतच केंद्राच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. कार्यक्रमाच्या नेमक्या तारखाही तिथेच पक्क्या करा, आणि त्या कळल्याशिवाय गाडीला पैसे देऊ नका. २०२७ मध्ये २८ फेब्रुवारी रविवारी येते. नोकरदारांना सोयीचं, पण गर्दीही त्या मापाची धरा.

एसटीने गेलात तर

रस्ता असा : घाटनांदूर–अंबाजोगाई–केज–मांजरसुंबा, तिथून अहिल्यानगर, मग कल्याण रस्त्याने टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा आणि नारायणगाव. खोडदपर्यंत सगळे मिळून ३३० किलोमीटरच्या आसपास. थेट गाडीची आशा धरू नका. अंबाजोगाईहून अहिल्यानगर आणि अहिल्यानगरहून आळेफाट्याकडे जाणारी गाडी, असे किमान दोन बदल होतात. नऊ-दहा तास हाताशी ठेवा.

एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर असतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये पडतात. ३३० भागिले ६ म्हणजे ५५ टप्पे, म्हणजे एका बाजूचे साडेपाचशे. गाडी बदलली की टप्पे थोडे वाढतात, वर किरकोळ अधिभार, म्हणून जाऊन-येऊन साडेअकराशे धरा. निमआराम किंवा शिवशाहीत बसलात तर आकडा वर जाईल.

खरा फरक पडतो तो सवलतीने, आणि आमच्याकडे पुष्कळ जणांना ती हिशेबात धरायची आठवणच राहत नाही. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत निम्मं तिकीट आहे. शाळकरी मुलीलाही ते लागू. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मं. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. त्यांचं आधार कार्ड मात्र बरोबर हवं. या सवलती राज्याच्या हद्दीत चालतात. खोडदची सगळी वाट राज्यातच आहे.

एक घर घेऊ. वडील, आई, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा. वडिलांचे साडेअकराशे, बाकी तिघांचे प्रत्येकी पावणेसहाशे. चौघांचे मिळून २,८७५. नारायणगावात एका रात्रीची साधी खोली हजार रुपये धरली, नारायणगाव–खोडद जाणं-येणं आणि इतर किरकोळ चारशे, बाहेरचं जेवण-चहा दोन दिवसांचं चौघांत सोळाशे. झाले ५,८७५. वर हजार रुपये राखून ठेवले तर सात हजारांत चार माणसं जाऊन येतात. खोली चौघांत वाटून घेतली तर एका पुरुषाला दोन हजारांच्या आसपास, एका बाईला चौदाशे-पंधराशे. आज्जी पंच्याहत्तरीच्या पुढच्या असतील तर त्यांना जरूर न्या. त्यांचं तिकीट शून्य आहे, आणि त्या मंडपात पोरांना जे प्रश्न विचारतात ते आपल्याला सुचत नाहीत.

जेवणावर बरेच पैसे वाचतात. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकते. पहिल्या दिवसाचं घरून बांधून नेलंत तर वरच्या हिशेबातले सहा-सातशे रुपये कमी होतात.

पुणंही करायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार दिवसांचा पास आगारात विचारून घ्या. ज्याला पूर्ण तिकीट पडतं त्याला तो परवडू शकतो. निम्मं तिकीट असलेल्या बाईने मात्र आधी आकडेमोड करून पाहावी.

रेल्वेचं काय?

आपलं गाव रुळावर आहे, म्हणून हा प्रश्न येणारच. परळीहून लातूर, कुर्डुवाडी, दौंड असं पुण्याला जाता येतं, आणि दुसऱ्या वर्गाचं तिकीट एसटीच्या निम्म्यापेक्षाही कमी पडतं. पण पुण्यात उतरून परत उत्तरेला नारायणगावपर्यंत ७५-८० किलोमीटर यावं लागतं. पुरुषांच्या गटाला ते फायद्याचं, महिलांना फारसं नाही. ज्यांना पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही पाहायची आहे त्यांनी हाच मार्ग धरावा. आयुकाही विज्ञान दिनी लोकांना खुली असते, तेव्हा एक दिवस पुणे आणि एक दिवस खोडद असं जमवता येतं.

दुसरी वाट नवी आहे. अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या, पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेल्या मार्गावर १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. बीडपर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे असं केलं तर मधल्या टप्प्याचं भाडं चांगलंच उतरतं. मात्र गाडीची वेळ तुमच्या बेताला जुळते का, ते आधी पाहा. पन्नास-शंभर रुपयांसाठी बीड स्थानकावर पोरांना घेऊन सहा तास बसण्यात शहाणपण नाही.

शाळांसाठी एक सांगतो. ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा अभ्याससहलीसाठी रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन स्टेशनमास्तरांकडे किंवा मोठ्या स्थानकावर महिनाभर आधी जा. ऐनवेळी कोणी देत नाही.

याच रुळावरून पुण्याऐवजी आग्नेयेला गेलात तर उदगीर, बिदर, विकाराबाद करत हैदराबाद. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून 'आपली' वेधशाळा तशी हैदराबादची निजामिया. नवाब जफर जंग यांनी ती १९०१ मध्ये स्वतःच्या हौसेने सुरू केली. १९०८ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. साऱ्या आकाशाचा फोटोंवरून नकाशा करण्याच्या जागतिक कामात तिने आकाशाचे ठरवून दिलेले पट्टे मोजले, लाखो ताऱ्यांच्या जागा नोंदल्या. वेधशाळा म्हणून ती केव्हाच थांबली. आज हैदराबादला जायचं तर मुलांसाठी बिर्ला तारांगण आहे, दुर्बिणीचा सोहळा नाही. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेने २०२४ मध्ये १२५ वर्षं साजरी केली. पण तिथे जायचं म्हणजे चार-पाच दिवस आणि माणशी खोडदच्या तिप्पट-चौपट खर्च. माझा सल्ला विचाराल तर आधी खोडद.

गाडी ठरवून जाताना

पंधरा-सोळा जण असतील तर टेम्पो ट्रॅव्हलरचा विचार होतो. समजा दर किलोमीटरला २२ रुपये ठरला. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून ७०० किलोमीटर. झाले १५,४००. चालकाचा भत्ता दोन दिवसांचा हजार, टोल-पार्किंग सहाशे. एकूण १७,०००, सोळा जणांत माणशी १,०६३ रुपये. म्हणजे पूर्ण तिकीटवाल्यांना एसटीपेक्षा थोडं स्वस्त, सोयही जास्त. पण गटात निम्म्याहून जास्त बाया आणि मुलं असतील तर एसटी उघडउघड स्वस्त पडते.

एकदा आम्ही दर ठरवला आणि बाकी काही विचारलं नाही. परत आल्यावर किलोमीटर गावातून नाही, मालकाच्या दारापासून मोजले गेले. रात्री अकरानंतर गाडी चालली म्हणून वेगळा भत्ता लागला. टोल ठरलेल्या रकमेत नव्हताच. अठराशे रुपये वर गेले, आणि ज्या दोन घरांनी कसेबसे पैसे जमवले होते त्यांच्याकडे पुन्हा मागायला जायची पाळी माझ्यावर आली. ते अजून बोचतं. म्हणून आता एका कागदावर चार ओळी लिहून सही घेतो : किलोमीटर कुठून मोजणार, दिवसाला किमान किती किलोमीटर धरणार, टोल-पार्किंग कोणाचं, रात्रीचा भत्ता किती वाजल्यानंतर. निघताना आणि पोचल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवतो.

शाळेची सहल असेल तर खासगी गाडीकडे वळूच नका. शालेय सहलींना एसटी महामंडळ पूर्ण बसच्या भाड्यात ५० टक्के सवलत देतं. अंबाजोगाई किंवा परळी आगारात शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करायचा. जानेवारी-फेब्रुवारी हा सहलींचाच हंगाम, तेव्हा जितकं लवकर जाल तितकं बरं. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतिपत्रं आणि मुली असतील तर शिक्षिका, हे सगळं आधी पूर्ण करा. आगारवाले परवानगीपत्र मागतात.

मुक्कामाला नारायणगावात लॉज आहेत. मोठ्या गटाला ओझरच्या विघ्नहर गणपतीचं भक्तनिवास बरं पडतं. दर आणि जागा आधी फोन करून विचारा. पैसे वाचवायला शेताच्या कडेला किंवा उघड्यावर झोपायचा विचार कोणी काढला तर तो तिथेच मोडून टाका. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं बाहेर सोडू नका. इथे पाचशे रुपये खर्च झाले तर होऊ द्या.

फोन बंद, रोख हवी

हा भाग नीट वाचा, कारण बहुतेकांची फजिती इथे होते. वेधशाळेच्या आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. नुसता सायलेंट चालत नाही, कारण खिशातला फोन टॉवर शोधत लहरी सोडतच राहतो. दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या अनेकदा कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलेल्या असतात, इतक्या क्षीण की तुमचा फोन त्यांच्यापुढे ढोल वाजवल्यासारखा. मुळात खोडदची निवडच यासाठी झाली : शहरांच्या गोंगाटापासून दूर, डोंगरांचा आडोसा.

ही अडचण जुनीच आहे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये खगोल निरीक्षणासाठी आणि वेळ मोजण्यासाठी सुरू झाली. तिला २०२६ मध्ये २०० वर्षं होतात. पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होऊ लागली. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ती मोजमापं बिघडणार हे कळलं, आणि १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला थाटली गेली. तेव्हा वेधशाळेनेच घर बदललं. खोडदला आपण फोन बंद केला की काम भागतं.

फोन बंद म्हणजे फोनपे बंद. माणशी तीनशे-चारशे रुपये सुट्ट्या नोटांत ठेवा. चुकामूक झाली तर भेटायची एक जागा आणि एक वेळ आत शिरण्याआधी ठरवा, निदान दोघांच्या हातात साधं घड्याळ असू द्या. लहान मुलाच्या खिशात नाव, गाव आणि गटप्रमुखाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. ब्लूटूथची घड्याळं आणि इअरफोन गाडीतच राहू द्या. फोटोसाठी कॅमेरा चालेल का, ते फाटकावर विचारा.

आणि मुलांना घरूनच सांगून न्या की या दुर्बिणीला डोळा लावायला काही नाही. एका वर्षी आमच्या सातवीतल्या पोराने तीनशे किलोमीटर 'शनी दिसेल का' एवढंच विचारलं आणि डिशपाशी पोचल्यावर त्याचं तोंड उतरलं. ही दुर्बीण प्रकाश पाहत नाही, रेडिओलहरी झेलते. म्हणून दिवसा चालते, ढगांतही चालते.

त्याच पोराला मग एका शास्त्रज्ञाने डिशच्या खाली नेऊन वर बघायला सांगितलं. लांबून भरीव वाटणारी ताटली खालून पाहिली तर आरपार. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी, ताणलेल्या दोरांवर बसवलेली, आणि जाळीतून निळं आकाश. "मग लहरी गळून नाही का जात?" पोराने विचारलं. त्यावर त्यांनी दोन बोटांत सेंटीमीटरभर अंतर धरून दाखवलं : भोक एवढं, आणि हायड्रोजनची लहर वीतभर, २१ सेंटीमीटरची. मोठा चेंडू बारीक जाळीतून जात नाही. वारा मात्र निघून जातो, म्हणून ४५ मीटरची डिश हलकी करता आली आणि कमी खर्चात उभी राहिली. पोराचं तोंड लगेच उजळलं. गावी येऊन त्याने आईची पिठाची चाळणी घेऊन वर्गात हेच समजावलं.

या जाळ्यांनी काय पकडलं आहे तेही मुलांना सांगा. २०२३ मध्ये जगातल्या वेगवेगळ्या गटांनी विश्वभर पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या, त्यात खोडदने टिपलेल्या नोंदीही होत्या.

विज्ञान दिन चुकला तर एरवी शुक्रवारी, आधी परवानगी घेऊन, भेट देता येते. शाळेच्या गटाला तो दिवस निवांत मिळतो, पण मंडप आणि प्रयोग नसतात.

जमलंच नाही तर

ज्यांना सात हजार परवडत नाहीत त्यांच्यासाठी ४ ऑक्टोबर २०२६ चा रविवार राखून ठेवा. खोडदच्या लोकार्पणाची पंचविशी, आणि योगायोगाने त्याच दिवशी शनी सूर्याच्या बरोबर समोर येतो आहे : सूर्य मावळताना पूर्वेला उगवणार, रात्रभर दिसणार. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल, त्यामुळे संध्याकाळ काळोखी. शाळेच्या मैदानावरचे दिवे घालवले की आपल्याकडचं आकाश पुण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

खर्च जवळपास नाही, दुर्बीण मिळवण्याचीच काय ती खटपट. अंबाजोगाई-लातूरच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र विभागाला आधी विचारा. विकत घ्यायची तर खोक्यावर 'पाचशे पट' छापलेली स्वस्त दुर्बीण घेऊ नका. भिंग किंवा आरसा किती मोठा आणि स्टँड किती स्थिर, हेच पाहायचं. शनीची कडी दिसायला चाळीस-पन्नास पट पुरेसं होतं. कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याला अगदी धारेवर दिसत होती, त्यामुळे त्या रात्रीही बारीकच दिसेल, हे रांगेतल्या सगळ्यांना आधी सांगा.

परतीचा पाऊस तेव्हा पुरता गेलेला नसतो. म्हणून ८ आणि ९ ऑक्टोबर या दोन राखीव रात्री आत्ताच कळवून ठेवा. अमावास्या १० ला आहे, शनी तेव्हाही तितकाच चांगला दिसेल. मैदानाची परवानगी तिन्ही रात्रींची एकाच अर्जात मागा.